५२ मिनिटांतून ७ मिनिटे

पत्र :

"मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. प्रकल्पासाठी मी एका निवृत्त ग्रंथपाल बाईंची मुलाखत घेतली. फोन टेबलावर ठेवून केलेले हे रेकॉर्डिंग ५२ मिनिटांचे आहे आणि त्यातून ७ मिनिटांची श्राव्य बातमीकथा तयार करून द्यायची आहे. माझा आवाज मोठा आणि बाईंचा लांबून आल्यासारखा आला आहे, शिवाय मागे पंख्याची घरघर आहे. नॉइज रिडक्शन लावले तर बाई पाण्याखालून बोलत असल्यासारख्या वाटतात. त्यांचे सगळे 'अं' आणि थांबे मी काढून टाकले, पण आता प्रत्येक जोडावर उडी ऐकू येते. उत्तरांचा क्रम बदलला तर ती लबाडी ठरेल का? पुस्तकांचे दशांश वर्गीकरण १८९६ साली आले असे त्या एका ठिकाणी म्हणाल्या, मला मात्र संदर्भग्रंथात १८७६ हे साल मिळाले. या वाक्याचे काय करू? पुढच्या आठवड्यात त्यांच्या एका सहकाऱ्यांची मुलाखत घ्यायची आहे, ती तरी नीट व्हावी असे वाटते. आणि तयार झालेले काम बाईंना आधी ऐकवावे का?"

उत्तर :

सर्वांत आधी तुमची मूळ फाइल जशीच्या तशी शिल्लक आहे का, ते पाहा. असेल तर तिच्या दोन प्रती करून त्यांतील एक संगणकाबाहेर, पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर ठेवा, आणि संपादनाचे सर्व काम तिसऱ्या प्रतीवर करा. आजवर जे 'अं' काढले, जी सफाई केली, ती बाजूला ठेवून पुन्हा मूळ रेकॉर्डिंगपासून सुरुवात करावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. केलेले काम टाकून देणे जिवावर येते हे मान्य, पण एकदा फिल्टर लावून जतन केलेल्या फाइलमधून निघून गेलेला आवाज कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही.

पाण्याखालच्या आवाजाचे कारण समजून घेतले की पुढचा निर्णय सोपा होईल. नॉइज रिडक्शनची सुविधा, मग ती ऑडॅसिटीतली असो वा दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमधली, आवाजाची अनेक अरुंद पट्ट्यांत विभागणी करते आणि तुम्ही नमुना म्हणून दाखवलेल्या गोंगाटाइतक्याच किंवा त्याहून क्षीण असलेल्या पट्ट्या दाबते. बाईंचा आवाज मुळात लांबून आलेला असल्यामुळे तो आणि पंख्याची घरघर यांच्या पातळीत फारसे अंतर उरलेले नाही. परिणामी शब्दाशब्दाला काही पट्ट्या दाबल्या जातात, काही सुटतात, आणि त्या उघडझापीतून तो बुडबुड्यांसारखा, किणकिणता अवशेष तयार होतो. म्हणून सफाईची मात्रा १८ किंवा २४ डेसिबलवर नेऊ नका, ६ डेसिबलच्या आसपास ठेवा, आणि त्याआधी ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचे जड आवाज कमी करणारी सोय, लावा, म्हणजे पंख्याची खालच्या पट्टीतली घरघर वाणीला धक्का न लावता कमी होईल. त्यानंतर जो सूंसूं आवाज उरेल, तो राहू द्या. पंखा फिरत असलेल्या खोलीत कोणीतरी बोलत आहे, हे ऐकणाऱ्याच्या कानाला अर्ध्या मिनिटात सवयीचे होते. यंत्राने चिरडलेल्या माणसाच्या आवाजाची सवय मात्र शेवटपर्यंत होत नाही.

दुसरी अडचण तुमच्या आणि त्यांच्या आवाजातील तफावतीची आहे. त्यांची उत्तरे वेगळ्या ट्रॅकवर घेऊन त्यांची पातळी वाढवलीत तर त्यांच्यासोबत पंखाही वाढेल, आणि मग तुमचे प्रश्न शांत खोलीतले व त्यांची उत्तरे गोंगाटातली असा विचित्र परिणाम होईल. यावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे तुमचे मूळ प्रश्न जवळजवळ सगळे काढून टाकणे आणि त्यांच्या जागी आता, माइकजवळ बसून, शांत खोलीत निवेदन रेकॉर्ड करणे. "बाईंनी नोकरीला सुरुवात केली तेव्हा ग्रंथालयात संगणक नव्हता" असे एक वाक्य तुम्ही सांगता आणि त्यानंतर त्या बोलू लागतात, ही रचना सात मिनिटांच्या कामाला प्रश्नोत्तरांपेक्षा अधिक सोयीची आहे, कारण निवेदनाचे एक वाक्य तीन प्रश्नांची जागा भरून काढते. मात्र प्रश्नच पुन्हा रेकॉर्ड करून तो त्या दिवशी समोरासमोर विचारल्यासारखा उत्तराच्या आधी चिकटवू नका. काही जण तसे करतात; मला ते मान्य नाही, कारण जे संभाषण त्या शब्दांत झालेच नाही, त्याचा तो देखावा ठरतो. निवेदन हे निवेदन म्हणूनच ऐकू यावे.

सफाईचे हे काम मात्र शेवटी करायचे आहे, आज नाही. आज सॉफ्टवेअर बंद करा, हेडफोन लावा आणि पूर्ण ५२ मिनिटे एका बैठकीत, मध्ये न थांबवता ऐका. ऐकताना कागदावर फक्त वेळ लिहा : जिथे तुम्ही स्वतः नकळत कान टवकारलात ती वेळ, आणि जिथे लक्ष भरकटले ती वेळ. त्यानंतर मुलाखत शब्दशः उतरवून काढा. हे काम कंटाळवाणे आहे, आणि आपोआप मजकूर उतरवून देणाऱ्या साधनांनी पहिला खर्डा काढायला माझी हरकत नाही. पण ती साधने व्यक्तींची व गावांची नावे, आकडे आणि बोलीतली रूपे हमखास चुकवतात, म्हणून खर्ड्यातील प्रत्येक ओळ आवाजाशी ताडून पाहावी लागते. हे ताडून पाहणे म्हणजेच मुलाखत दुसऱ्यांदा, आणि या खेपेस खऱ्या अर्थाने, ऐकणे होय. प्रत्येक उत्तरापुढे मिनिट-सेकंद टिपून ठेवा, अन्यथा पुढे एकेक वाक्य शोधण्यात संध्याकाळ जाईल.

उतरवलेला मजकूर छापून घ्या आणि पहिले संपादन कात्री-पेन्सिलीने करा. बाईंच्या बोलण्यातले जे भाग दुसऱ्या कोणाला त्यांच्याइतके चांगले सांगता येणार नाहीत, तेवढेच त्यांच्या आवाजात ठेवायचे, आणि माहितीचा जो भाग तुम्ही एका वाक्यात सांगू शकता तो निवेदनात घ्यायचा, ही माझी कसोटी आहे. त्या कोणत्या साली रुजू झाल्या, किती वर्षे काम केले, ग्रंथालयात किती पुस्तके होती, हे तुम्ही सांगा. परत आलेल्या पुस्तकात कोणाची तरी चिठ्ठी सापडली तेव्हा त्यांनी काय केले, हे त्यांनाच सांगू द्या. सात मिनिटांत साधारण पाच मिनिटे त्यांचा आवाज आणि दोन मिनिटे तुमचा, असे प्रमाण धरून चाला, आणि त्यांचा एकेक तुकडा २० ते ४५ सेकंदांचा ठेवा. याहून लहान तुकडे जाहिरातीसारखे वाटतात, आणि याहून फार लांब तुकडा तेव्हाच पेलतो जेव्हा त्यात एखादी घटना पुढे सरकत असते. सुरुवात त्यांच्या परिचयाने करू नका. पंधरा-वीस सेकंदांचा, संदर्भाशिवाय समजेल असा त्यांचाच एखादा तुकडा आधी ठेवा आणि मग त्या कोण आहेत ते सांगा.

आता जोडांवरच्या उड्यांकडे येऊ. कापलेल्या जागी उडी ऐकू येण्याची कारणे बहुधा तीन असतात. पहिले म्हणजे मागचा आवाज तुटतो : पंखा सलग घरघरत असताना त्यातला अर्धा सेकंद नाहीसा झाला की कान दचकतो. दुसरे म्हणजे श्वास अर्धा कापला जातो. माणूस वाक्य सुरू करण्याआधी श्वास घेतो आणि तो श्वास पुढच्या वाक्याचा असतो, मागच्या वाक्याचा नव्हे. म्हणून काप श्वासाच्या आधी, शांत जागी घ्यावा आणि श्वास पुढच्या वाक्याला जोडून ठेवावा. सर्वच श्वास काढून टाकलेले बोलणे ऐकणाऱ्यालाच गुदमरल्यासारखे करते. तिसरे कारण स्वराच्या चढउताराचे आहे. वाक्य संपताना आवाज खाली येतो. मध्येच कापलेल्या वाक्याचा शेवट मात्र वर टांगलेला राहतो आणि ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहतो, तो कधी येतच नाही. पहिल्या कारणावर १० ते २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असतानाच दुसरा चढत जाणे) आणि तुकड्यांखालून सलग वाहणारा खोलीचा आवाज, म्हणजे ज्याला 'रूम टोन' म्हणतात तो, हा उपाय आहे. तुम्ही तो वेगळा रेकॉर्ड केलेला नसणार. तेव्हा बाई विचार करत गप्प बसल्या होत्या अशा जागा शोधा, त्यांतले तीन-चार सेकंदांचे वेगवेगळे तुकडे गोळा करून सलग जोडा. एकच लहान तुकडा पुन्हा पुन्हा वापरू नका, कारण त्यातली एखादी बारीक खुट् दर दोन सेकंदांनी ऐकू येऊ लागते. तिसऱ्या कारणावर मात्र तांत्रिक उपाय नाही. तिथे काप दुसरीकडे घेणे एवढेच हाती असते.

मराठीत मुलाखत कापणाऱ्याने आणखी एका ठिकाणी फार जपावे लागते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार बहुतेकदा त्याच्याही नंतर येतो, तोही उतरत्या, हळू आवाजात. समजा, बाई म्हणाल्या, "त्या काळी मुलं जास्त वाचायची आणि आता वाचत नाहीत, असं काही मला वाटत नाही." बोलताना त्या 'वाचत नाहीत'पाशी किंचित थांबल्या आणि पुढचे शब्द पुटपुटल्यासारखे आले. टाइमलाइनवरच्या लहरी पाहून काम करणाऱ्याला तो थांबा म्हणजे वाक्याचा शेवट वाटतो, तो तिथे कापतो, आणि बाईंचे मत थेट उलटे होऊन श्रोत्यांपुढे जाते. मुद्दाम कोणी असे करत नाही. डोळ्यांनी संपादन केले की हे आपोआप घडते. म्हणून प्रत्येक काप घेतल्यावर त्या जागेच्या मागचे-पुढचे दहा-दहा सेकंद मूळ फाइलमध्ये पुन्हा ऐका, आणि वाक्याचे शेपूट क्षीण असेल तर तेवढ्याच भागाची पातळी वाढवा, पण ते गाळू नका.

'अं' आणि थांबे सरसकट काढण्याची चूक बहुतेक नवे संपादक करतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक लांबीपेक्षा मोठी शांतता आपोआप छाटणारी सोय असल्यामुळे तो मोह अधिकच बळावतो. वाक्य अडखळून दोनदा सुरू झाले असेल, एखादा शब्द सवयीने दर ओळीत येत असेल, तर त्यातले काही काढण्यास हरकत नाही. त्याने बोलणाऱ्याचा मान राखला जातो आणि अर्थही बदलत नाही. पण "ग्रंथालय बंद झालं तेव्हा तुम्ही कुठे होतात?" या प्रश्नावर बाई चार सेकंद गप्प राहून मग "घरीच होते" म्हणाल्या असतील, तर ते चार सेकंद उत्तराचाच भाग आहेत. ते काढले तर उत्तर तयार ठेवल्यासारखे खाडकन येते आणि बाई कोरड्या वाटू लागतात. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे : त्या एका सेकंदात उत्तरल्या असताना परिणाम साधण्यासाठी रूम टोन घालून थांबा लांबवणे हेही खोटेच आहे. दोन्ही ठिकाणी तुम्ही एकही शब्द बदललेला नसतो, तरी माणूस बदललेला असतो.

यातूनच क्रमाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. उत्तरांचा क्रम बदलणे ही लबाडी नाही. बोलताना कोणीही सरळ रेषेत बोलत नाही, तिसाव्या मिनिटाला आलेली आठवण पाचव्या मिनिटातील विषयाची असते, आणि ती तिथे नेऊन ठेवणे हे संपादकाचे कामच आहे. लबाडी सुरू होते ती एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली ठेवले जाते तिथे. दोन वेगळ्या उत्तरांतील अर्धी-अर्धी वाक्ये जोडून तिसरेच वाक्य तयार केले जाते तिथे. किंवा दोन घटना अशा शेजारी आणल्या जातात की पहिलीमुळे दुसरी घडली असा समज व्हावा आणि बाईंनी तसे कधी म्हटलेले नसावे तिथे. दोन दूरचे तुकडे शेजारी आणायचे असतील तर मधे निवेदनाचे एक वाक्य ठेवा, म्हणजे इथे सांधा आहे हे श्रोत्याला कळते.

या विषयावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ सालचा एक निर्णय पत्रकारितेच्या वर्गात अनेकदा चर्चिला जातो. मनोविश्लेषक जेफ्री मॅसन यांनी 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकावर लावलेल्या दाव्यात, अवतरणचिन्हांत छापलेली वाक्ये आपली नाहीत असा त्यांचा आक्षेप होता, आणि मुलाखतींच्या चाळीसहून अधिक तासांच्या ध्वनिफिती पुराव्यात होत्या. बोललेले शब्द जाणूनबुजून बदलले एवढ्याने खोटेपणा सिद्ध होत नाही, पण त्या बदलाने आशयात खराखुरा फरक पडत असेल तर तो सिद्ध होऊ शकतो, असे न्यायालयाने म्हटले. लक्षात घ्या, हा बदनामीच्या कायद्याचा निकष आहे, आणि विद्यार्थ्याने स्वतःसाठी याहून कडक निकष ठेवावा असे मला वाटते. छापील मुलाखतीत वाक्य थोडे सावरून घेतले जाते हे वाचक गृहीत धरतो. आवाज ऐकणारा तसे काहीच गृहीत धरत नाही, त्याच्या दृष्टीने तो माणूस तिथे ते शब्द त्याच सुरात बोललेला असतो.

वर्गीकरणाच्या सालाबाबत तुम्ही योग्य शंका घेतलीत. मेल्विल ड्युई यांची दशांश पद्धत १८७६ मध्येच प्रथम प्रसिद्ध झाली, तेव्हा तुमचा संदर्भग्रंथ बरोबर आहे आणि बाईंची जीभ घसरली आहे. चुकीचे साल तसेच श्रोत्यांपर्यंत जाऊ देणे योग्य नाही, आणि त्यांच्याच आवाजातील दुसरीकडचा 'शहात्तर' उचलून तिथे बसवणे तर मुळीच नाही. त्या वाक्यावाचून काम भागत असेल तर ते गाळा. साल महत्त्वाचे असेल तर वाक्यातील साल येण्याआधी थांबता येते का ते पाहा आणि साल निवेदनात तुम्ही सांगा. याहून चांगले म्हणजे बाईंना फोन करून विचारा. चूक दाखवल्याचा राग येण्याऐवजी नोंद तपासली गेल्याचे समाधान ग्रंथपालांना नक्की वाटेल.

आता पुढच्या आठवड्यातील मुलाखतीविषयी. पहिली गोष्ट अंतराची. आवाजाच्या उगमापासूनचे अंतर निम्मे केले की माइकला मिळणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. फोन ८० सेंटिमीटरवर टेबलावर असण्याऐवजी २० सेंटिमीटरवर धरला तर हा फरक १२ डेसिबलचा होतो, आणि पंख्याचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. महागडा माइक लांब ठेवण्यापेक्षा साधा फोन जवळ धरलेला केव्हाही बरा. फोनचा माइक खालच्या कडेला असतो. ती कड बोलणाऱ्याच्या तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, हनुवटीच्या पातळीला आणि थोडी बाजूला ठेवा, म्हणजे प, फ, ब, भ उच्चारताना निघणारा वाऱ्याचा झोत थेट माइकवर आदळणार नाही. कपड्याला लावायचा वायरचा लहान माइक कोणाकडून मिळाला तर उत्तमच. तो छातीवर, हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा आणि त्याला गळ्यातली माळ किंवा कपड्याची घडी घासत नाही ना, ते बोलायला सुरुवात होण्याआधी ऐकून घ्या. फोन हातात धरणार असाल तर बोटे हलू देऊ नका, कारण हाताची प्रत्येक हालचाल रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

खोली निवडताना एकदा टाळी वाजवा. टाळीनंतर खोली घुमत राहिली तर दुसरी खोली शोधा. पडदे, गाद्या, पुस्तकांनी भरलेली कपाटे असलेली लहान खोली मोठ्या दिवाणखान्यापेक्षा कितीतरी चांगली. घुमणारा आवाज गोंगाटापेक्षा वाईट, कारण तो शब्दांतच मिसळलेला असतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही. पंखा आणि खिडकी बंद करण्याची विनंती करा. फ्रिजची गुणगुण ऐकू येत असेल तर तोही थोडा वेळ बंद ठेवता येतो. पण तो पुन्हा सुरू करायला विसरून यजमानांचे नुकसान करू नये म्हणून ध्वनिमुद्रण करणारी मंडळी आपल्या घराच्या किल्ल्या फ्रिजमध्येच ठेवतात, ही युक्ती मला फार आवडते. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि जागा पुरेशी आहे का ते पाहा : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो अशी वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट घेते, म्हणजे तासाला ५२० मेगाबाइटच्या आसपास. एमपी३मध्ये थेट रेकॉर्डिंग करू नका. ते शेवटी, पाठवण्यापुरते करायचे असते.

मुलाखत सुरू करण्याआधी त्यांना दिवसभरात काय काय केले ते सांगायला लावून एक मिनिटाचे चाचणी रेकॉर्डिंग करा आणि ते हेडफोनवर ऐका. पातळी मोजणारा काटा दिसत असेल तर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या जवळ राहील असे पाहा, कारण शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. मग औपचारिक सुरुवात करा : तारीख, त्यांचे पूर्ण नाव त्यांच्याच तोंडून, म्हणजे उच्चाराचा प्रश्न मिटतो, आणि हे रेकॉर्डिंग कशासाठी आहे व कुठे ऐकवले जाईल याला त्यांची संमती. प्रकल्पापुरती संमती आणि इंटरनेटवर टाकण्याची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच विचारा. उत्तरात प्रश्नाचा विषयही यावा अशी विनंतीही तेव्हाच करा. "हो, तेव्हापासूनच" हे उत्तर तुमच्या प्रश्नाशिवाय निरुपयोगी आहे, "मी कार्डांची कपाटं लावायला लागले ते पहिल्याच आठवड्यापासून" हे मात्र स्वतःच्या पायावर उभे राहते.

तुमच्या पत्रात उल्लेख नाही, पण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये 'हं, हं', 'बरोबर', 'अरे वा' हे शब्द बाईंच्या शब्दांवर चढलेले असणार, असा माझा अंदाज आहे. एकाच माइकवर एकमेकांवर चढलेले दोन आवाज नीट सुटे करणे कठीण असते. दाद मानेने आणि डोळ्यांनी द्या. त्यांचे वाक्य संपल्यावर मनात तीन अंक मोजून मगच पुढचा प्रश्न विचारा. पुष्कळदा त्या तीन अंकांतच खरे उत्तर सुरू होते. नेमक्या चांगल्या वाक्यावर बाहेर हॉर्न वाजला तर संकोच न करता "हे पुन्हा एकदा सांगाल का?" असे विचारा. आणि ग्रंथालयातले जे आवाज मुलाखतीत येतात, तारखेचा शिक्का, कार्डांचा खण ओढल्याचा आवाज, पाने उलटणे, ते त्यांच्याकडून किंवा त्या जागी जाऊन वेगळे रेकॉर्ड करून आणा. आयते ध्वनी इंटरनेटवरून घेऊन ते त्याच ग्रंथालयातले म्हणून वापरू नका. निघण्यापूर्वी एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसून रूम टोन घ्या, आणि "मी विचारायला विसरले असे काही आहे का?" हा प्रश्न विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग थांबवू नका. थांबवले असे सांगितल्यावर मात्र ते खरोखर थांबलेले असले पाहिजे. त्यानंतर त्यांनी काही मोलाचे सांगितले तर पुन्हा सुरू करण्याची परवानगी मागा.

दोन्ही मुलाखतींचे काम झाल्यावर अंतिम पातळीसाठी डोळ्यांवर किंवा कानावर विसंबू नका, लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा, मोजा. पॉडकास्टसाठी स्टिरिओ फाइल उणे १६ लुफ्सच्या (हे लाउडनेसचे एकक) आसपास, मोनो असेल तर उणे १९, आणि सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबलच्या खाली ठेवण्याची पद्धत आहे. युरोपातील प्रसारणाचे प्रमाण उणे २३ लुफ्स आहे. शिक्षकांनी वेगळे काही सांगितले नसेल तर पहिले प्रमाण धरा. मग फाइल एकदा हेडफोनवर आणि एकदा फोनच्या लहान स्पीकरवर, भांडी घासताना किंवा चालताना ऐका; ज्या वाक्याला तुम्हाला काम थांबवून कान द्यावा लागला, त्या वाक्याची पातळी वाढवा.

शेवटचा प्रश्न बाईंना आधी ऐकवण्याचा. नावे, साले, पदे आणि घटनांचा तपशील त्यांच्याकडून जरूर तपासून घ्या, आणि ज्या वाक्याच्या अर्थाबद्दल तुम्हालाच खात्री नाही ते फोनवर वाचून दाखवा. पूर्ण फाइल मंजुरीसाठी पाठवू नका, कारण एकदा मंजुरीचा अधिकार दिला की 'हे काढा, ते घाला' यांतून काम तुमचे राहत नाही. आणि हा फरक मुलाखतीपूर्वीच सांगितलेला असला म्हणजे नंतर वाईटपणा येत नाही. पहिल्या मुलाखतीच्या वेळी तुम्ही असे काही ऐकवण्याचे कबूल केले असेल तर मात्र तो शब्द पाळा, त्यांचे आक्षेप लिहून घ्या, अर्थाच्या चुका दुरुस्त करा आणि उरलेल्या बाबतीत निर्णय तुमचा आहे हे त्यांना नम्रपणे सांगा. काम सादर झाले की अंतिम फाइलची एक प्रत त्यांना आठवणीने पाठवा.